एक बाही, चार टायर

ताई,

मी मूळची डोंबिवलीची. सहा वर्षांपासून कॅनडात कॅल्गरीला आहे, एका कंपनीत हिशेब बघते. कॉलेजपासून विणते आणि खरं सांगायचं तर माझं सगळं विणकाम प्रवासातच झालंय. आधी व्हीटीच्या लोकलमध्ये, इथे आल्यावर सी-ट्रेनमध्ये. घर दक्षिण टोकाला सॉमरसेट स्टेशनजवळ, ऑफिस डाउनटाउनला. रोज जाऊन-येऊन तासाभराच्या वर वेळ मिळायचा. चार वर्षांत नऊ स्वेटर झाले, टोप्या-मोजे वेगळेच.

ऑगस्टमध्ये ऑफिस शहराबाहेर उत्तरेला, बाल्झॅकला हललं. तिकडे ट्रेन नाही. आता एका बाजूला चाळीसेक किलोमीटर गाडी. नोव्हेंबरात एक दिवस चिनूक, म्हणजे इथला गरम वारा, येऊन सगळं वितळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे तीन होतं आणि रस्ता नुसता ओला दिसत होता. रॅम्पवर गाडी घसरली, गिरकी घेऊन उलट्या तोंडाने थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण तेव्हापासून स्टिअरिंग इतकं घट्ट धरते की संध्याकाळी मनगटं ठणकतात, सुया हातात धरवत नाहीत. बाबा निवृत्तीनंतर निफाडला गावी राहतात. त्यांच्या स्वेटरची एक बाही शिवायची आहे, दुसरी विणायचीच आहे. संक्रांतीला पाठवेन म्हणाले होते. त्यात माझी टोपी बघून ऑफिसातल्या सात जणींनी 'मलाही करून दे' म्हटलंय. एक जण वीस डॉलर द्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, थोडे दिवस विणकाम सोड, गाडीकडे लक्ष दे. मला वाटतं नोकरीच सोडावी. हसू नका, पण परवा सिग्नलला उभी असताना मांडीवरच्या बाहीच्या दोन ओळी विणल्या, तेवढंच बरं वाटलं. काय सोडू?

— एक बाही बाकी

---

अगं बाई,

तू मला ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू'च म्हणते. मी एडमंटनची, म्हणजे तुझ्याहून तीनशे किलोमीटर उत्तरेला आणि थंडीच्या बाबतीत तुझी थोरली जाऊच म्हण. मला हसू आलं नाही. सिग्नलच्या त्या दोन ओळी वाचून कपाळाला हात लावला. आपल्या अल्बर्टा प्रांतात गाडी चालवताना लक्ष भलतीकडे असलं तर दंड होतो आणि लायसन्सवर ३ दोषगुण पडतात. सिग्नलला थांबलेली गाडीसुद्धा चालवतेयस असंच धरतात. पण दंड राहू दे. सिग्नल हिरवा झाला की तू ओळ पुरी करायला बघणार, कारण आपण विणणाऱ्या बायका ओळ अर्ध्यावर सोडतच नाही. मागचा गडबडीत हॉर्न देणार, तू दचकून पाय दाबणार, आणि खाली बर्फ. उद्यापासून विणकामाची पिशवी डिकीत. मागच्या सीटवरसुद्धा नको, डिकीत.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू पत्र चांगलं दोन पानी लिहिलंस. त्यात बाबांच्या लोकरीचा रंग आहे, सुयांचा नंबर आहे, ऑफिसातल्या सातही जणींनी काय काय मागितलं ते आहे (जागेअभावी मी ते गाळलं). पण गाडीला टायर कोणते आहेत, याबद्दल एक अक्षर नाही. मला शंका आहे की गाडी घेताना आलेले ऑल-सीझनच अजून चालू आहेत. क्वेबेक प्रांतात हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात. अल्बर्टात तशी सक्ती नाही, म्हणून नवीन आलेली मंडळी 'ऑल-सीझन' या नावावर विसंबतात. या नावाने फार जणांना फसवलंय. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की त्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं. रस्त्याला धरायची त्याची ताकदच जाते. विंटर टायरचं रबर उणे तीसमध्येही मऊ राहतं. ओळखायचं कसं, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं छोटं चित्र असतं. नुसतं 'एम प्लस एस' (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. आणि लावायचे तर चारही. पुढचे दोन नवे आणि मागचे दोन जुने असं केलंस तर गाडीची पाठ आधी घसरते, आणि परत तुझी ती गिरकी.

टायरमधली हवासुद्धा बघ. साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब १ पीएसआयने कमी होतो. ऑक्टोबरातल्या पंधरा अंशांत ३३ भरलेली हवा उणे पंचवीसच्या सकाळी २६ वर येऊन बसते. कुणी पंक्चर केलेलं नसतं, थंडीनेच केलेलं असतं.

तू घसरलीस तो दिवस मी दोनदा वाचला. आदल्या दिवशी चिनूक, सकाळी उणे तीन, रस्ता ओला दिसत होता. बाई गं, तो ओला नव्हताच. रॉकी पर्वत ओलांडून तो कोरडा, गरम वारा उतरतो, दुपारी गटारं वाहायला लागतात, लोक जॅकेट काढून फिरतात, आणि रात्री ते सगळं पाणी डांबरावर काचेसारखं गोठतं. तोच ब्लॅक आइस. इथे नवा माणूस उणे तीसला घाबरतो आणि उणे दोनला निर्धास्त असतो. खरं उलट आहे. उणे पंचविसात बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो, टायर बऱ्यापैकी धरतो. शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो साबणासारखा. त्यातून पूल आणि वळणाचे रॅम्प. त्यांना खालूनही वारा लागतो, म्हणून बाकी रस्ता ठीक असताना ते आधी गोठतात. म्हणजे तुला गाडी येत नाही म्हणून तू घसरलीस असं नाही. कॅल्गरीतली सगळ्यात फसवी सकाळ, सगळ्यात फसवी जागा आणि (माझा संशय खरा असेल तर) चुकीचे टायर, तिन्ही एकदम तुझ्या वाट्याला आली.

तरी भीती उरतेच, ती टायर बदलून जात नाही. त्यासाठी एक कर. स्वेटर विणायला घ्यायच्या आधी तू नमुना विणतेस ना, दहा-बारा सेंटीमीटरचा चौकोन? लोकर कशी वागते ते बघायला, तो बिघडला तर कुणाचं काही जात नाही म्हणून? गाडीचाही तसा नमुना घे. ताजा बर्फ पडलेला रविवार, सकाळी सात, एखादं मोठं रिकामं पार्किंग, जिथे मध्ये दिव्यांचे खांब नाहीत. आधी तिथे विचार, नाहीतर सिक्युरिटीवाला धावत येतो. मग ताशी २५-३० चा वेग घे आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाब. पायाखाली पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. ते एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, गाडी मोडलेली नाही. पाय उचलू नकोस, तसाच दाबून ठेव. त्या थरथरीला घाबरून पाय उचलणारे पुष्कळ असतात. दहा वेळा हे कर. मग हळू वळण घेत मुद्दाम घसरव. घसरली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढ आणि जिकडे जायचंय तिकडे बघ, खांबाकडे नको. नजर जाते तिकडे हात जातात. अर्ध्या तासात तुझ्या बुडाला कळायला लागेल की गाडी निसटायच्या आधी कशी सैल होते.

यासाठी नवऱ्याला बरोबर नेऊ नकोस. चांगला माणूस असेल, पण बर्फावर नवऱ्याकडून गाडी शिकणं म्हणजे भांडणाचा मुहूर्त. माझं घसरण्याचं शिक्षण अर्धं राहिलं ते त्यामुळेच, आणि १९९४ च्या डिसेंबरात मी रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडले. टो ट्रक यायला दीड तास लागला. बूट घरी विसरलेले, पायात ऑफिसचे पातळ जोडे. मागच्या सीटवर नवऱ्याचा अर्धवट स्वेटर होता, तो सुयांसकट पायांना गुंडाळला. एकवीस टाके सुटले. पायाची बोटं शाबूत राहिली. तेव्हापासून माझ्या डिकीत जुनं ब्लँकेट, जाड मोजे, फावडं, मेणबत्ती, काडेपेटी आणि शेंगदाण्याची चिक्की असते. टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. अडकलीसच तर गाडीतच बस, इंजिन तासाला दहा मिनिटं चालू कर, पण त्याआधी उतरून मागच्या सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढ. तो बुजलेला असला तर धूर आत येतो आणि माणसाला कळतही नाही.

आता तुझे हात. तू स्टिअरिंगवर हाताने विणलेले मिटन घालतेस का? पत्रात नाही, पण विणणारी बाई दुसरं काय घालणार! ते काढ. लोकर गुळगुळीत स्टिअरिंगवर सरकते, म्हणून आपण नकळत दुपटीने घट्ट धरतो. मनगटं ठणकायचं निम्मं कारण मला तिथेच दिसतं. त्याऐवजी बोटं उघडी राहतील अशा मनगट्या कर. ४ मिमीच्या सुयांवर ४० टाके, दोन सुलट दोन उलट, अठरा सेंटीमीटरची पट्टी. बाजू शिवताना अंगठ्याएवढी फट सोड. तळव्यावर जुन्या पर्सच्या चामड्याचा तुकडा शिव. दोन संध्याकाळचं काम. मोठा मफलर असेल तर तो गाडीत बसल्यावर काढून ठेवायचा, आणि फुगीर कोट पट्ट्याखाली नको. पट्टा अंगालगत बसत नाही. बुटात दोन जाड मोजे घालत असशील तर एक काढ, पायाला पेडल कळलं पाहिजे. लोकरीवर माझं तुझ्याइतकंच प्रेम आहे. तिच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पिऊनही ती अंगाला ओली लागत नाही, असं दुसरं काही नाही. पण ड्रायव्हरच्या सीटवर तिची जागा मनगटापर्यंत.

नोकरी सोडू नकोस, निदान टायरच्या पायी तरी नको. पण तुझं खरं दुखणं मला वेगळंच वाटतं. नोकरी किंवा बर्फापेक्षा तुला तुझी ट्रेन गेल्याचं लागलंय. लोकलच्या लेडीज डब्यात कुणी मटार सोलतं, कुणी पोथी वाचतं, कुणी विणतं, आणि कुणीतरी दुसरंच माणूस गाडी चालवत असतं. तासभर आपले हात आपले असतात. पंधरा वर्षं तू तशीच जगलीस आणि एका ऑगस्टमध्ये ते बंद झालं. मग थोडी ट्रेन परत आण की. ऑफिसात कुणी शहराच्या ईशान्येला राहतं का बघ, तिकडे आपली देशी वस्ती भरपूर आहे. सॉमरसेटहून लाल लाइनने डाउनटाउन, सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरून निळ्या लाइनने सॅडलटाउनपर्यंत, आणि तिथून त्या सहकाऱ्याच्या गाडीने बाल्झॅक. वेळ दुप्पट लागेल, रोज परवडणार नाही. पण आठवड्यातून दोन दिवस, आणि चिनूकनंतरच्या सकाळी हमखास. पेट्रोलचे पैसे दे, घेतले नाहीत तर चकली दे. शिवाय साहेबाकडे शुक्रवार घरून मागून बघ. हिशेब घरूनही जुळतात. उरलेले दोन दिवस गाडी, निघायच्या आधी ५११ अल्बर्टा या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्त्याची हालत बघून, अर्धा तास लवकर निघून. वेग आपोआप धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल हिवाळाभर विसर.

सहकाऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर विणशील, ते मला दिसतंय. लांब स्टीलच्या सरळ सुया नकोत, एअरबॅग फुटली तर त्या कुठे जातील याचा विचार कर. वायरची गोल सुई, लाकडी टोकांची, आणि तीही रस्ता कोरडा असेल तेव्हाच.

सात जणींचं बघू. टोपीला तुला सहा तास लागतात. अल्बर्टात किमान वेतन २०१८ साली तासाला १५ डॉलर झालं. म्हणजे ९० मजुरीचे, १५ लोकरीचे. वीस डॉलर देणारी बाई तुला लोकरीवर पाच डॉलर देतेय, सहा तासांच्या हातांचे तेवढेच. आणि हे आजचं नाही. व्हँकुव्हर बेटावरच्या काउइचन या मूळनिवासी जमातीच्या बायका मेंढीची लोकर धुण्यापासून सूत काढण्यापर्यंत सगळं हाताने करून जगप्रसिद्ध स्वेटर विणायच्या. त्यांच्या पदरात बराच काळ चिल्लरच पडली, पैसा दुकानदारांनी केला. तू उदार मनाने 'बघते हं' म्हणत असशील. आपल्याकडे 'बघते' म्हणजे नाही, इथे 'बघते' म्हणजे हो. स्पष्ट सांग: 'मी विकत नाही, पण बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शिकवते. सुया आणि लोकर आपापली आणा.' दोघी येतील. बाकीच्या पाच जणींना टोपी हवी होती, विणकाम नको होतं, त्या दुकानातून घेतील. एखादी फार जीवाची असेल तर तिला कर, फुकट कर, पण मनाने कर.

आणि बाबांचा स्वेटर. दुसरी बाही घरी आल्या आल्या हातात घेऊ नकोस. घाबरलेला हात टाका घट्ट घालतो. तुझा हिशेब १० सेंटीमीटरला २२ टाक्यांचा आहे. ठणकत्या मनगटाने तो सहज २४ वर जाईल, आणि ३० सेंटीमीटर रुंद व्हायची ती ६६ टाक्यांची बाही साडेसत्तावीसची होईल. बाबा काही बोलणार नाहीत, पण डावा हात सगळ्या गावाला दिसेल.

खरं तर बाबांना फोन करून विचार की त्यांना बाह्या हव्यात का. तुझे बाबा चौऱ्याहत्तरचे, निफाडचे. तिकडचा पारा पाच-सहावर गेला की पेपरात द्राक्षबागांबरोबर फोटो येतो, थंडी खरी आहे. पण ती पहाटेची. दहा वाजता ऊन चढतं आणि आपली म्हातारी माणसं बाही वर सारून सारून तिची वाट लावतात. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बिनबाह्यांचा स्वेटरच घातला, शर्टावर, वरून मफलर. पूर्ण बाह्यांचा मी केलेला कपाटात घडी करून ठेवला, 'चांगला आहे, लग्नाकार्याला घालेन' म्हणाले. तुझ्या बाबांनीही तेच म्हटलं तर झालेली बाही सरळ उसव. काखेचा आकार तू आत वळवून कमी केलेला आहेस, त्यामुळे बिनबाह्यांचा म्हणून नीट बसेल. काठाला टाके उचलताना चार ओळींना तीन या हिशेबाने उचल, नाहीतर कड फुलते. मग एक नंबर बारीक सुई घेऊन दोन सुलट दोन उलट, तीन सेंटीमीटर, आणि टाके सैल बंद कर. दोन्ही काखा मिळून एका रविवारचं काम आहे. पार्किंगमधून आल्यावर, चहा घेऊन.

उसवलेली लोकर वाफेवर धर, लडी करून थंड पाण्यात भिजवून वाळत घाल, वळ्या जातील. त्यात बाबांची कानटोपी निघेल. पार्सलमध्ये आईसाठी चिठ्ठी टाक, तीही ठळक अक्षरात: थंड पाणी, मशीनमध्ये नाही, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. नाहीतर ती गरम पाण्याच्या बादलीत घालेल आणि तो स्वेटर शेजारच्या नातवाला बसेल. संक्रांत चुकली तरी निफाडची थंडी फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत टिकते, आणि जानेवारीत कॅल्गरीहून कुणी ना कुणी पुण्या-मुंबईला जातंच. त्यांच्या बॅगेत अर्धा किलोची जागा माग.

हे वाचून झालं की खाली जाऊन मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूला बघ. डोंगर दिसला तर माझं अर्धं पत्र वाया गेलं, तसं कळव. नाही दिसला तर सोमवारी सकाळी सॉमरसेट स्टेशन, पिशवी खांद्याला.

— ताई